आतून लागणारं झाकण

देशासाठी माणूस काय वाटेल ते सोडू शकतो, असं मामा गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी भाचीच्या खांद्यावर तांदळाचं पोतं ठेवलं. भाचीला दीड सेंटिमीटर सोडायचा होता.

ती जिना चढू लागली. मागून मामा गळ्यात टेप अडकवून चढत होते. ते शिंपी होते आणि ही सगळी युक्ती त्यांचीच होती.

"माणूस सकाळी लांब असतो, संध्याकाळी आखूड," पहिल्या मजल्यावर दम खात ते म्हणाले. "तीस वर्षं मापं घेतोय मी. सकाळी माप देऊन गेलेलं गिऱ्हाईक संध्याकाळी पँट घालून बघतं आणि म्हणतं, लांब झाली. अरे, पँट कशी लांब होईल? दिवसभरात तूच खचलास."

"मामा, पोतं."

"हां, चढ, चढ."

सैन्यातल्या बाकी सगळ्या जागांना उंची अमुक एक हवीच, अशी अट होती. रणगाड्याची तेवढी उलटी. तिथे एकशे अडुसष्टच्या वर माणूस चालत नाही, कारण मावत नाही. ती सकाळी उठल्या उठल्या एकशे साडेएकोणसत्तर भरायची. घरात तिला शिडी म्हणत आणि माळ्यावरचं काही काढायचं झालं की तिलाच हाक मारत. आजवर या उंचीबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

माप दुपारी चारला होतं. त्यामुळे सकाळी सहापासून घर तिला दाबत होतं. बाबांनी बातमी इमारतभर केली होती, आणि देशसेवेच्या बाबतीत इमारत मागे राहणारी नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपलं लोखंडी कपाट या भिंतीचं त्या भिंतीला लावून घेतलं. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी पुस्तकांची चार खोकी खाली उतरवून घेतली आणि थोडा विचार करून पुन्हा वर नेऊन घेतली.

"रक्तातच आहे तिच्या," बाबा येईल त्याला सांगत होते. त्या रक्तात तिच्याआधी बंदुकीच्या सर्वांत जवळ गेलेले तेच होते. जत्रेत. फुगे फोडायला.

रणगाडाच का, हे मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं.

घरात खोल्या दोन आणि माणसं सहा: आई, बाबा, आत्या, दोन धाकटे भाऊ आणि ती. दोन खोल्यांच्या मध्ये पडदा. बाबा बसमध्ये कंडक्टर होते. नोकरी संपली तेव्हा गणवेश आणि तिकिटांची पेटी त्यांनी परत केली, पण 'पुढे सरका, आत जागा आहे' हे वाक्य घरी घेऊन आले. जेवताना, झोपताना, टीव्ही बघताना ते म्हणत, आणि सगळे सरकत. ती वीस वर्षं सरकत होती.

मग एके दिवशी कॉलेजातून येताना पुलाजवळ रस्ता अडवलेला होता. समोरून एक रणगाडा गेला. त्यातून एकच डोकं वर आलेलं होतं. पुलाशी पोचल्यावर ते डोकं खाली गेलं, झाकण बंद झालं आणि आतून कडी सरकवल्यासारखा आवाज आला. वाहतूक सुरू झाली तरी ती तशीच उभी होती. मागच्या माणसाने शेवटी म्हटलंच, "ताई, पुढे सरका की."

साडेतीनला मामांनी तिला भरती कार्यालयाच्या दारात सोडलं. भिंतीला उभी करून माप घेतलं. बरोब्बर एकशे अडुसष्ट. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता एकच कर," ते म्हणाले. "आडवी होऊ नकोस. आभाळ कोसळलं तरी आडवी होऊ नकोस. आडवं झालं की माणूस उसवतो."

आत एका शिपायाने तिचं नाव लिहून घेतलं आणि तिला मापाच्या खोलीत नेलं.

"बसा इथे. आमचे मोठे लोक मीटिंगमध्ये आहेत. वेळ लागेल."

तो गेला. दार लोटलं गेलं. खोलीत वजनाचा काटा होता, उंची मोजायची पट्टी होती, लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा एक तक्ता होता आणि भिंतीलगत एक लांब बाक. पंखा फिरत होता. कुणीही बोलत नव्हतं.

दाराला आतून कडी होती.

ती थोडा वेळ कडीकडे बघत बसली. मग उठली, कडी लावली, परत येऊन बसली. काहीच झालं नाही. कुणी हाक मारली नाही, कुणी काही काढून मागितलं नाही. ती बाकाच्या मधोमध सरकली. मग पाय वर घेतले. मग, मामांची मनातल्या मनात माफी मागून, पाच मिनिटांसाठी पाठ टेकली.

दार वाजत होतं ते बऱ्याच वेळापासून वाजत असावं. तिने कडी काढली तेव्हा बाहेर शिपाई घामाघूम उभा होता, त्याच्यामागे अधिकारी बाई, आणि घड्याळात साडेपाच.

शिपायाने तिला पट्टीखाली उभं केलं.

"गुडघे सरळ करा."

"सरळच आहेत."

"नाहीयेत. बावीस वर्षं या पट्टीपाशी उभा आहे. केसांत पुठ्ठा घालून आलेले बघितले, टाचा उचलणारे तर रोजचेच. गुडघे वाकवणारं पहिलंच माणूस." त्याने फळी खाली आणली. "एकशे अडुसष्ट. आणि वर अर्धा."

तिने फक्त बाकाकडे एकदा बघितलं.

अधिकारी बाईंनी खुर्ची ओढली आणि यादी उघडली.

"अर्ध्यासाठी एवढं तोंड पाडू नकोस. जागा खूप आहेत. वायरलेस घे. चांगलं काम आहे."

"वायरलेसवाले झोपतात कुठे, मॅडम?"

"बराकीत."

"किती जण?"

"चाळीस."

"आणि कोठारवाले?"

"चाळीसच. श्वानपथक देऊ? कुत्रे आवडतात?"

"आवडतात. तिथे किती?"

"चाळीस," बाई म्हणाल्या. "आणि कुत्रे."

मग त्यांनी यादी मिटली आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"कडी का लावली होतीस?"

"होती म्हणून."

"घरी नाही?"

"संडासाला आहे. पण तिथे बाहेरून कुणीतरी बोलतच असतं."

शिपायाने पट्टी पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती.

"घरी किती जण?"

"सहा. खोल्या दोन."

"आम्ही नऊ होतो," बाई म्हणाल्या. "एकच खोली. मीही रणगाड्यातच होते, अकरा वर्षं." त्यांनी अर्ज पुढ्यात घेतला. "तुला रणगाड्याबद्दल काय माहीत आहे?"

"त्याला झाकण असतं. ते आतून लागतं."

"आणि?"

"आणखी काही नको मला, मॅडम."

बाईंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. टेबलावरचा शिक्का उचलून त्या शिपायाला म्हणाल्या,

"केस दाबून माप घेतलंस का?"

"नाही, मॅडम."

"मग दाब."

त्याने दाबले. चांगलेच दाबले. पट्टीवर एकशे अडुसष्ट आले.

त्या संध्याकाळी इमारतीत पेढे वाटले गेले. पडद्याच्या एका बाजूला बाबा रक्ताबद्दल बोलत होते आणि दुसऱ्या बाजूला मामा मापाबद्दल. ती मधे बसून हसत होती. कुणी सरक म्हटलं की आनंदाने सरकत होती. आता थोड्याच दिवसांचा प्रश्न होता.

दोन महिन्यांनी प्रशिक्षण केंद्राच्या मैदानात तिने पहिल्यांदा रणगाड्याचं झाकण स्वतःच्या हाताने उचललं. ते तिला वाटलं होतं त्याहून जड होतं, आणि त्याला आतून खरोखरच कडी होती. तिने कडीवरून बोट फिरवलं, पाय आत सोडले आणि खाली बघितलं. खालून तिघांनी वर बघितलं.

"बघत काय बसलात?" बाहेरून शिकवणारे उस्ताद ओरडले. "पुढे सरका, आत जागा आहे."

रणगाड्यात चार जण बसतात.