जिन्यावरची आत्या

घरात व्यवस्थित पडता येणारी एकटी आत्याच होती, म्हणून हे काम तिच्या गळ्यात आलं.

धाकटीचं मानसशास्त्राचं एम.ए. प्रबंधापाशी अडकलं होतं. प्रबंध एकदा परत आला होता. आणखी एकदा आला असता तर पदवीवर पाणी सोडावं लागलं असतं. थोरली डॉक्टर झाल्यापासून घरात धाकटीकडे आधीच 'बघू या हिचं काय होतंय ते' अशा नजरेने पाहत. विषय मात्र तिने झकास निवडला होता. कुणी जिन्यावर पडलं, तर पाहणारा एकटा असताना मदत लवकर येते की चारचौघं असताना? पुस्तकं म्हणतात, चारचौघांत प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो. धाकटीला हेच स्टॉपवॉच लावून दाखवायचं होतं. जिना विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाला, असल्या प्रयोगांना मान्यता देणाऱ्या समितीची परवानगीही मिळाली. पडायला तेवढं एक माणूस हवं होतं.

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, लग्नाच्या फंदात न पडलेली, भावाच्या घरात हक्काने राहणारी आणि हक्काने बोलणारी. ऑफिसच्या नाट्यस्पर्धेत ती एकदा तिसऱ्या अंकात अशी काही मेली होती की पहिल्या रांगेतल्या साहेबांनी डोळे पुसले. त्यानंतर कुणी तिला काम दिलं नाही. धाकटीने विचारल्यावर ती "बघते" म्हणाली आणि त्याच संध्याकाळी तिने दिवाणखान्यात दोनदा पडून दाखवलं.

काम सोपं होतं. हातातली फाइल टाकायची, पायरीवर बसायचं, घोटा धरायचा आणि फक्त "आई गं" म्हणायचं. वरच्या कठड्यामागून धाकटी वेळ मोजणार. मदत आली की पुढे येऊन त्या माणसाला खरं काय ते सांगायचं, त्याची माफी मागायची आणि संमती घ्यायची.

"आणि दर वेळी अगदी सारखं पड हं," धाकटीने बजावलं. "नाहीतर फरक लोकांमुळे पडला की तुझ्यामुळे, ते कळणार नाही."

"रोज एकसारखा पडणारा माणूस मी तरी नाही बघितला," आत्या म्हणाली.

आणि तिने ते खरं करून दाखवलं. कधी "आई गं" च्या जागी "गेले, गेले!" व्हायचं, कधी चष्मा घरंगळायचा. एकदा तर तिने मुलींच्या घोळक्याला परदेशातल्या, फोन न करणाऱ्या मुलाची कहाणी ऐकवली. मुलगाच नसलेल्या बाईने! मुलींच्या डोळ्यांत पाणी, आणि स्टॉपवॉच धरून धाकटीच्या डोक्यात तिडीक. पाहणारा एकटा असो नाहीतर घोळका, सगळे आत्याकडे जवळपास सारखेच धावत होते. माणसं चांगली निघाल्यामुळे प्रबंध बुडायची वेळ आली.

प्रबंधाच्या मार्गदर्शक बाईंना मुलं पाठीमागे 'पॉइंट झिरो फाइव्ह' म्हणत. फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता त्या आकड्याच्या खाली आली की निष्कर्षाला अर्थ, वर राहिली की सगळं मुसळ केरात, असा त्यांचा खाक्या होता. धाकटीचा आकडा पॉइंट झिरो सहावर येऊन थांबला होता.

"अगदी काठावर आहेस गं," मॅडम म्हणाल्या. "अजून थोडी माणसं घे."

हवं ते उत्तर मिळेपर्यंत माणसं वाढवत न्यायची नसतात, हे पहिल्या सत्रात मॅडमनीच शिकवलं होतं. धाकटीला ते आठवलं; मॅडमनाही आठवलं असावं, कारण दोघी एकदमच खिडकीबाहेर बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या म्हणाली, "आज नको गं. गुडघा कुरकुरतोय."

"आत्या, प्लीज. आजचा दिवस. माझं सगळं त्यावर आहे."

आत्याने चपला घातल्या.

ग्रंथालय नुकतंच उघडलं होतं. जिना रिकामा होता. वरच्या मजल्यावरून एक माणूस पुस्तकं घेऊन येताना दिसला, तशी धाकटी कठड्यामागे सरकली. तेवढ्यात तो लिफ्टकडे वळला, आणि आत्या पडली. धाकटीचं बोट सवयीने बटणावर दाबलं गेलं.

पडली तीही चुकीच्या पायरीवर. फाइल हातातच राहिली. "आई गं" नाही, काही नाही. धाकटी वैतागली. इतके दिवस हिला आवर घालता घालता नाकी नऊ आले, आणि आज बघा, कसलाच जीव नाही कामात. कुणी येतंय का म्हणून ती वाट बघत राहिली. खाली काउंटरवरच्या माणसाने मान वर केली, रोजचीच बाई आहे हे पाहिलं आणि पुन्हा पुस्तकांवर शिक्के मारू लागला.

"ए धाकटे," आत्या हळूच म्हणाली.

धाकटीने ओठ घट्ट मिटले. प्रयोग चालू असताना ओळख दाखवायची नाही, हे हजारदा सांगून झालं होतं.

मग तिला चप्पल दिसली. ती चार पायऱ्या खाली उलटी पडली होती. आत्या जिन्यावर किती वेळा पडली असेल, पण पायातली चप्पल तिने कधी निसटू दिली नव्हती. धाकटी धावली. आत्याचा हात हातात घेताना तिच्या अंगठ्याने स्टॉपवॉच थांबवलं. त्या अंगठ्याचा तिला पुढे कितीतरी दिवस राग येत होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. थोरलीने ऑपरेशनची सगळी धावपळ केली आणि धाकटीला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शुद्धीवर आल्यावर आत्याने पहिलं विचारलं, "किती?"

"काय किती?"

"वेळ गं. किती लागला?"

"चार मिनिटं," धाकटी म्हणाली आणि खाटेच्या कडेवर डोकं टेकून रडली. "मला वाटलं, तू नीट करत नाहीयेस."

"खरं पडताना नीट कुठे जमतं?" आत्या म्हणाली. तिचा हात धाकटीच्या केसांवर होता.

मॅडमनी आधी मनापासून हळहळ व्यक्त केली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चार मिनिटं? आणि काउंटरवर माणूस होता ना? दारात वॉचमन असेलच. वर तू. म्हणजे चारचौघंच झाले की. घोळक्याच्या रकान्यात घाल."

तिथल्या तिथे त्यांनी आकडा बसवून पाहिला. त्यांची चाचणी सेकंद मोजत नव्हती, कोण कितवं आलं तेवढं बघत होती. आत्याचं पडणं सगळ्यांच्या शेवटी जाऊन बसलं आणि पडद्यावर पॉइंट झिरो चार आलं. आत्याच्या खुब्याने प्रबंध तारला होता.

"मॅडम, वॉचमन बाहेर होता. काउंटरवरच्या माणसाला आम्हीच सांगून ठेवलं होतं की ही नाटक करते. खरं बघणारी मी एकटीच होते."

"मग काढून टाक. तू संशोधक आहेस, तू मोजणीत येतच नाहीस."

धाकटीने काढलं नाही. घोळक्यातही घातलं नाही. घरी येऊन तिने तो आकडा 'एकटा' या रकान्यात लिहिला, आणि खाली पाहणारी कोण होती तेही लिहिलं. आकडा पॉइंट झिरो नऊवर गेला. आता पदवी गेली, असं मनाशी धरूनच तिने प्रबंध दिला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर सज्जन होते. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "ही एक नोंद कशाला ठेवलीत? सगळ्यांपासून इतकी लांब. कुणीही काढून टाकली असती."

"सर, ती मी आहे," धाकटी म्हणाली.

सरांनी चष्मा काढून पुसला. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. पुढचा प्रश्न संदर्भसूचीबद्दल होता.

ती पास झाली, अगदी काठावर. संध्याकाळी आत्या वॉकर धरून दिवाणखान्यात येऊन बसली आणि म्हणाली, "वाच, काय शेरा मारलाय."

धाकटीने वाचलं, "विषय चांगला. मात्र संशोधिकेला अखेरपर्यंत तटस्थता राखता आली नाही."

आत्या खुब्याला हात लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसून म्हणाली, "अगं, त्यांना सांगायचंस ना, चार मिनिटं राखली होती म्हणून!"

धाकटीला हसता आलं नाही. ती उठली आणि तिने आत्याच्या पायात नीट चपला घालून दिल्या.