हौदाकाठी मी उघडलोच नाही

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे, आणि आज मला जरा चिडूनच बोलायचे आहे. चिडून बोलू नये असे तुम्हाला शिकवतात. मलाही ते पटते. पण आधी माझी हकिगत ऐका, मग मला काय ते बोला.

एका लहानशा कारखान्यात माझे पोलाद लालबुंद तापवून तेलात विझवले गेले. मला शेवटची धार लावणाऱ्या कारागीर बाईने माझ्या पात्याने आपल्या मनगटावरची लव भादरून पाहिली आणि "झालं, हा आता कुठंही जाऊ दे!" असे म्हणून मला पुसले. माझी मूठ अक्रोडाच्या लाकडाची. मुठीत एक खटका आहे. पाते पूर्ण उघडले की तो बसतो, मग कितीही जोर लावला तरी पाते बोटांवर मिटत नाही. एवढी काळजी घेऊन मला घडवले होते. किंमतही तशीच होती. दुकानात काचेखाली पडल्या पडल्या मी पाहायचो, लोक वाकून किमतीची चिठ्ठी वाचत आणि सरळ होऊन पुढे जात.

शेवटी दादांनी मला घेतले. दादा इमारतींचे नकाशे काढतात. मला वाटले, चला, आता कामाला लागायचे. कसले काय! त्यांनी मला मखमलीच्या पेटीत निजवले. पाहुणे आले की मी बाहेर. टक् करून उघडायचे, टक् करून मिटायचे. "असलं पोलाद बघायला मिळत नाही हं," असे दादा म्हणत. पाहुणे मान डोलवत आणि चहा कधी येतो ते बघत. घरात एखादे खोके आले तर वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, ते किल्लीने खरवडून फाडत. मी शेजारच्याच कपाटात पडून ती खरखर ऐकायचो. जीव नुसता तुटायचा.

एकदा दादांची धाकटी बहीण आली. तिला सगळे ताई म्हणतात. गावाबाहेर तिची रोपवाटिका आहे. तिने सहज मला उचलले आणि सफरचंदाला लावले.

"अगं अगं, ठेव तो!" दादा खुर्चीतून उठलेच. "रसाने डाग पडतात त्याला!"

"फळाला घाबरणारा चाकू आज पहिल्यांदाच बघतेय," ताई हसून म्हणाली. "मग हा कापतो तरी काय, दादा?"

"तो कापायचा नाहीये. तो संग्रहातला आहे."

मित्रांनो, ज्याच्या अंगी धार आहे त्याच्याबद्दल असे बोलतात का? मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढे दादांनी आणखी महागाचा चाकू आणला आणि मला आपल्या मेहुण्याला देऊन टाकले. हा वहिनींचा धाकटा भाऊ. समारंभांचे मंच सजवण्याचा त्याचा व्यवसाय. कुठल्याही कामात बेधडक हात घालतो म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणतात. पहिल्या दिवशी मी सुतळी कापली, पुठ्ठा कापला, आणि धन्य झालो. पण माझे सुख फार टिकले नाही. उस्ताद माझ्या टोकाने स्क्रू पिळू लागला. खिळे उपटू लागला. स्क्रूड्रायव्हर हाताच्या अंतरावर पडलेला असायचा, पण उठतो कोण! शेवटी रंगाच्या डब्याचे झाकण उचकटताना माझे टोक मोडले.

तर या गृहस्थाने काय करावे? कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहिले, "एवढा महागाचा चाकू आणि साधा डबा उघडत नाही. शुद्ध फसवणूक!" कंपनीने नम्रपणे उत्तर दिले की हा चाकू कापण्यासाठी बनवला आहे. "म्हणजे मी काय केलं मग?" उस्ताद समोरच्या भिंतीकडे बघून ओरडला. मला बोलता आले असते तर मी सांगितले असते.

त्यानंतर चिकटपट्टी कापून कापून माझ्या बिजागरीत डिंक साचला. वहिनी म्हणाल्या, "अरे, निदान पूस तरी त्याला."

"काही होत नाही गं. अस्सल माल आहे!" असे म्हणून त्याने वर स्वयंपाकाचे तेल ओतले. तेलावर धूळ बसली आणि खटका अर्धवटच बसू लागला. माझी धार तर केव्हाच गेली होती. उस्ताद मात्र मला खिशात मिरवत होता.

एका सुट्टीच्या दिवशी सगळे ताईच्या रोपवाटिकेत गेले. तिथे ढोल्या नावाचा कुत्रा आहे. नावाप्रमाणेच गुबगुबीत आणि सगळ्यांचा लाडका. पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर, रोपांवरून काढलेली हिरवी जाळी ढीग करून ठेवली होती. ढोल्या खारीच्या मागे धावत सुटला, त्या ढिगावर चढला आणि जाळीसकट हौदात पडला. जाळीच्या कडेची नायलॉनची दोरी त्याच्या मागच्या पायाला आवळली. तो जितका झटके देई तितकी ती आणखी रुते, आणि भिजलेली जाळी त्याला खाली ओढी.

ताईने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली. पाणी तिच्या छातीपर्यंत होते. तिने ढोल्याचे तोंड कसेबसे वर धरले आणि ओरडली, "चाकू द्या! कुणीतरी चाकू द्या, लवकर!"

"हा काय!" उस्तादाने मला खिशातून उपसले. "याच्यासारखा दुसरा नाही!"

हाच तो क्षण. यासाठीच मी तापलो होतो, यासाठीच ते सगळे ठोके खाल्ले होते. उस्तादाने नख लावले. मी हललो नाही. त्याने दात ओठ खाऊन ओढले. डिंकाने मला आत घट्ट धरून ठेवले होते.

"दे इकडे!" दादांनी मला हिसकावले.

"अहो दाजी, थांबा, उघडतोय!"

"काय उघडतोय? कुत्रं बुडतंय तिकडे!"

दादांचे नख मोडले, तेव्हा कुठे मी उघडलो. ते कठड्यावर पालथे पडले, हात पाण्यात घालून दोरीवर मला घासू लागले. मी नुसता घसरत होतो. त्यांनी अंगचा सगळा जोर लावला, आणि अर्धवट बसलेला खटका सुटला. मी दादांच्या बोटावर मिटलो. मित्रांनो, दोरी न कापणारी माझी धार बोटात मात्र हाडापर्यंत रुतली. पाणी लाल झाले.

दोघे भांडत होते तेव्हाच वहिनी पलीकडच्या शेडकडे धावल्या होत्या. त्या छाटणीची कात्री घेऊन आल्या. ताईने दोरी कापली. ढोल्या वाचला. पण शेड लांब होती. तोवर ढोल्याच्या झटक्यांनी दोरी पायाच्या शिरा तोडून आत गेली होती. जनावरांच्या डॉक्टरबाईंना त्याचा तो पाय काढावाच लागला.

नंतर दवाखान्याच्या बाकावर उस्ताद पुटपुटला, "कंपनीच फालतू आहे. परत पाठवतो, नवा देतील."

बोटाला पट्टी बांधलेले दादा म्हणाले, "नको. ताई, माझा नवीन चाकू तू घे."

"तो अजून पेटीतच आहे ना?" ताईचे केस अजून ओले होते. "मग आधी उघडून बघ, उघडतो का ते. एकानं वापरला नाही, एकानं नको तिथं वापरला. आणि आता दोष चाकूचा?"

ताईने हात पुढे केला आणि उस्तादाने मला तिच्या हातावर ठेवले.

तिने रॉकेलने माझ्या बिजागरीतला डिंक काढला, सैल झालेला स्क्रू आवळला, मोडके टोक घासून गोल केले आणि मला दगडावर धार लावली. दादा शेजारी बसून पाहत होते. सगळे एका दुपारीच झाले. "एवढंच होतं?" दादांनी हळूच विचारले. ताईने दगड धुतला आणि उन्हात ठेवला.

आता मी रोज कामावर असतो. खटका नीट बसतो. कसलीही दोरी असो, एका ओढीत कापतो. लोक बघून म्हणतात, "वा, काय धार आहे!" आणि मला उलट जास्तच राग येतो. कारण तेवढ्यात तीन पायांवर उड्या मारत ढोल्या येतो आणि माझा वास घेऊन शेपूट हलवतो. त्याच्या मनात काही नाही. माझ्या मनातून जात नाही.

म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवतो, मित्रांनो. तुमच्या घरात जी वस्तू ज्या कामाची आहे, तिला ते काम करू द्या. दुसऱ्याचे काम तिच्या गळ्यात घालू नका. आणि काम झाले की पुसा, तेलपाणी करा, धार लावा. आज करा. मला ठीक करायला एक दुपार पुरली, पण हौदाकाठी ती दुपार आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती.