दोन पट्ट्या खाली

बारावी तार मी अगदी हळूहळू पिळत होते. समोर खुर्चीत गाण्याच्या बाई बसल्या होत्या आणि त्यांचं लक्ष माझ्या हाताकडेच आहे असं मला वाटत होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

बाईंची ही गिटार माझ्या बाबांनी बनवलेली. अशा बारा तारांच्या गिटारी त्यांनी नऊ केल्या. आठ ताणानं फुटल्या, ही शेवटची. चाळीस वर्षांत हिचीही वरची फळी पोट फुगल्यासारखी वर आली होती आणि तारा धरणारी घोडी उखडली होती. ती मी पुन्हा चिकटवली. आता ताण सोसते की फळीसकट निघते, ते आज कळणार होतं.

बाबांनी फळी मुद्दाम पातळ ठेवलेली, आतले आधारही बारीक तासलेले. त्यातूनच तो घुमारा यायचा. अट एकच, तारा नेहमीपेक्षा दोन पट्ट्या खाली लावायच्या, म्हणजे फळीवर ताण कमी. बाबा मुलखाचे अबोल. गिऱ्हाइकाला वाद्य देताना हे सांगायचं काम माझं.

कट्ट आवाज झाला. घोडीवर बोट ठेवलं. हलली नव्हती.

“सूर उतरलेला वाटतोय गं,” बाई म्हणाल्या.

“बाबांच्या हिशेबानं लावलाय. दोन पट्ट्या खाली.”

“मला कुणी बोललं नाही ते!”

बाबा विसरले असतील, असं म्हणता आलं असतं. गेलेला माणूस थोडाच उलटून बोलणार?

“मीच बोलले नाही,” मी म्हटलं. “माल कच्चा वाटेल म्हणून. कुणालाच सांगितलं नाही.”

बाईंनी पुढे वाकून फळीवर हात ठेवला.

“तुझे बाबा एकदा घरी आले होते,” त्या म्हणाल्या. “फुगलेल्या फळीवरून हात फिरवत बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही. तुला काही विचारलं नाही त्यांनी?”

“विचारलं. ‘सगळ्यांना सांगतेस ना?’ म्हणाले.”

“मग?”

“हो म्हटलं.”

त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी बारा तारांच्या गिटारचा साचा स्वतःच्या हातानं फोडला. ‘माझंच गणित चुकलं,’ एवढंच म्हणाले. मी शेजारी उभी होते.

बाईंनी गिटार मांडीवर घेतली आणि बाराही तारा एकदम छेडल्या. मी डोळे मिटून घेतले. घुमारा खोलीभर पसरला, संपला. घोडी जागची हलली नाही.

बाबांचं गणित बरोबर होतं.