पहिल्या लोंब्यांची पिशवी

साहेब, तुम्ही आमच्या गावच्या सुभद्राबाईच्या तोंडचा घास उचलून नेला. खुर्चीत बसून "असं काही झालं नाही" म्हणू नका. मी बांधावर उभा होतो.

तुम्हाला नवाखाई माहीत नसेल, म्हणून सांगतो. तळ्याखालची सुभद्राबाईची बांधी, म्हणजे धानाचं शेत, गावात सगळ्यात आधी पिकते. दसऱ्याच्या आधी ती उपाशीपोटी तिथल्या पहिल्या लोंब्या कापते, नवा तांदूळ दुधात शिजवते, मातामायपुढे ठेवते आणि मग घरोघर वाटीभर देते. तोवर गावात कोणी नवा तांदूळ तोंडात घालत नाही. आम्ही बौद्ध, आमच्या घरी देव नाही. तरी माझ्या आईला, सुमनबाईला, ती वाटी येते. आई हात जोडत नाही, पण वाटी रिकामीही पाठवत नाही. दोन दोडके तरी टाकते.

यंदा, दोन हजार आठ साली, नवाखाईला चार दिवस असताना तुम्ही टेप आणि खुंट्या घेऊन आलात. पीक कापणी प्रयोग, एकरी उतारा मोजायचा. नंबर सुभद्राबाईच्याच बांधीचा निघाला. तिचा मुलगा दुधराम म्हणाला, "साहेब, चार दिस थांबा ना. नवं व्हाचं हाये."

"देवीला सांग, सरकारी काम आहे," तुम्ही म्हणालात, आणि तुमचा माणूस हसला. विळा चालला. झोडून तोललेला धान तुम्ही दुधरामच्या ताडपत्रीवर टाकला. त्यातला किलोभर पिशवीत बांधून नेला, वाळल्यावर किती घटतो ते पाहायला.

"दुसऱ्या कोपऱ्यातल्या लोंब्या काप ना व माय," दुधराम म्हणाला.

"पयला घास दुसऱ्यानं नेला. आता मातामायले उष्टा देऊ का?"

"ताडपत्रीवर त्यातलाच धान हाये ना, तो घे!"

"अन् पिशवीतला? पयला धान सारा एका ठिकानी पाहिजे."

तिच्या घरातला जुना तांदूळ संपला होता. मी रेशनचा नेऊन दिला. तिनं दोन दाणे चिमटीत धरून पाहिले. "हा कोन्या सालचा, रत्नपाल? बोरीवर लिवलं हाये का? नवा निंगला त?" तेव्हापासून ती उकडलेल्या लाखोळीच्या डाळीवर आहे. गावाला तिनं अडवलं नाही. तरी कोणाचा विळा उठेना, आणि हलका, लवकर पिकणारा धान बांधीत झडून राहिला.

सातव्या दिवशी कोहमाऱ्यावर एस.टी. बदलून मी तिला तुमच्या कार्यालयात आणलं. तुम्ही दौऱ्यावर. बाबू म्हणाला, "आजी, पिशवी वाळत ठेवलीय. देता येत नाही."

"वाळू दे, बाप्पा. वाळल्यावर दे. मी बसतो अठीच."

"असं नाही चालत. अर्ज द्या."

"मायाच धानासाठी? पेरला तवा त कोनी अर्ज मांगला नोता!"

अर्ज मी लिहिला. पोच मिळाली. पिशवी नाही.

धान झडताना बघवेना, तेव्हा लोकांनी कापायला घेतला. काल आमच्या घरीही नवा भात शिजला. आईनं ताट वाढून घेतलं, थोडा वेळ पाहिलं आणि बाजूला सारलं.

"तू त देव मानत नाईस," मी म्हणालो.

"नाई मानत. सुभद्री बिना भाताची बसली हाये ना पन."

आई उठून सुभद्राबाईच्या घरी गेली. मी मागून गेलो, तर दोघी एका थाळीत लाखोळी खात होत्या.

"मीठ कायले एवढं टाकलं व?"

"तुह्या घरून आनाचं होतं मंग."

हसत होत्या, साहेब. पण सुभद्राबाई भिंत धरून उठते आता.

पंधरा दिवस झाले. पिशवीतला धान किती घटला, ते तुम्ही लिहून ठेवलंच असेल. आता तो तुमच्या कोणत्या कामाचा? ताडपत्रीवरचा धान तिनं झाकून ठेवलाय, कोंबडीला शिवू दिला नाही. पिशवी कोणत्या तारखेला आणून देता? लेखी कळवा. आणि स्वतः या, माणूस पाठवू नका.