सर्वांत नेमकी गोळी

"गोळी कागदासाठी हवी, की हरणासाठी?" काउंटरमागच्या डेक्लनने चंद्रहासला विचारलं.

बंदुकांच्या दुकानात बायकोला घेऊन येणारा हा बहुधा पहिलाच. पण त्याने कालची सगळी रात्र घरात येरझाऱ्या घालत काढली होती. अशा माणसाच्या हाती गाडी द्यायला मी काही तयार नव्हते.

चंद्रहास इथल्या ॲथलोन गावातल्या एका कारखान्यात हृदयात घालायच्या नळ्या तपासतो. केसाइतका फरक दिसला तरी माल परत पाठवतो. माझ्या पोळ्याही त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. हरणं कोवळी झाडं खातात म्हणून टॉम नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याला रानात शिकारीला बोलावलं. याने रीतसर परवाना काढला, सहा प्रकारच्या गोळ्या कागदी लक्ष्यावर झाडून पाहिल्या, एक्सेल भरलं आणि सर्वांत नेमकी गोळी निवडली. तिची तीन भोकं एका युरोच्या नाण्याखाली झाकली जायची. तो कागद कौतुकाने फ्रिजवर लावणारी मीच.

काल संध्याकाळी तीच गोळी एका हरिणीला लागली आणि हरिणी पळाली. अंधार होईपर्यंत शोधूनही सापडली नाही.

डेक्लनने समजावलं, ही गोळी स्पर्धेतल्या नेमबाजीची. सुईसारखी आरपार जाते. हरणासाठी मऊ टोकाची हवी, ती आत उमलते आणि जनावर फार हाल न होता जातं. डब्यावर तसं लिहिलेलं असतं.

"वाचलं होतं," चंद्रहास म्हणाला. "पण आकडे हिचे चांगले होते."

मऊ टोकाच्या गोळ्यांचा डबा हातात घेतो न घेतो, तोच टॉमचा फोन आला. हरिणी ओढ्याकाठी सापडली होती. जिवंत. त्याच्याकडे बंदूक नव्हती. किती वेळात येशील, एवढंच त्याने विचारलं.

शोधायला जायचंच होतं, म्हणून रायफल गाडीत होती. त्या अरुंद रस्त्यांवर मी इतकी जोरात गाडी कधी हाकली नव्हती. पुढे एक ट्रॅक्टर निवांत चालला होता. "हो ना रे बाबा बाजूला," चंद्रहास पुटपुटत होता. मला त्याचा राग येत होता आणि रडूही.

आम्हाला पाहून हरिणीने मान उचलली. बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मी बघितलं. एकच आवाज झाला. मान गवतावर टेकली. टॉमने टोपी काढली.

चंद्रहास गुडघ्यांवर बसला आणि बोटांनी केस बाजूला करून कालची जखम शोधू लागला.

"बरोबर जागी लागली होती गं," तो म्हणाला. मग म्हणाला, "रात्रभर अशीच होती."



तुम्ही जा, पुढचं मी बघतो, असं टॉम दोनदा म्हणाला. चंद्रहास उठला नाही. हरिणीच्या कानाला चिकटलेलं गवत तो एकेक काडी करून काढत राहिला. मी त्याच्याशेजारी ओल्या गवतातच बसले.