विळ्यांना बोलावणारा शंख

मी एक जुना शंख आहे, मित्रांनो. पोटात अजून गुलाबी झाक आहे, पण गावाकडे मान वर करून पाहायची मला लाज वाटते.

समुद्राने मला घडवलं. हैतीच्या किनाऱ्यावरच्या एका कोळ्याने माझं टोक घासून भोक पाडलं आणि थोड्या तांदळाच्या बदल्यात मला आर्तिबोनीत नावाच्या नदीकाठच्या एका शेतकऱ्याला दिलं. त्याच्यामागे त्याचा धाकटा मुलगा ओरेलिस मला फुंकू लागला. भात पिकलं की तो पहाटे बांधावर उभा राही. माझा नाद ऐकून घराघरांतून विळे निघत. आज तुझं शेत, उद्या माझं. मजुरी कुणी मागत नसे. ज्याचं शेत त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, एवढाच रिवाज. ढोलाच्या तालावर बाया गात:

एकला विळा गं बांधाशी रडतो,
गावाचा विळा गं लोंबीला भिडतो.

मग परदेशी तांदूळ आला, निम्म्या भावात. गावचा तांदूळ घरोघरी पडून राहिला. ओरेलिसने शेत पडीक टाकलं आणि तो व्यापाऱ्याच्या ट्रकवर त्याच परदेशी तांदळाची पोती विकू लागला. एका सकाळी त्याने ट्रकवर उभं राहून मला फुंकलं. लोक धावत आले, हातात विळे घेऊन! समोर पाहिलं तर पोती. विळे पाठीमागे लपवत त्यांनी भाव विचारला.

ओरेलिसची विधवा वहिनी इल्मेन तेवढी अजून भात लावत होती. ती पुढे आली. "कापणीचा शंख रे हा! बाजारात बसवलास?"

"वहिनी, राजधानीत सह्या झाल्यात. परदेशी तांदळावरची जकात उतरवा, नाहीतर कर्ज बंद, असा दम भरला सावकार देशांनी. सरकार तरी काय करणार?"

"सरकारनं मान तुकवली. तुझी कुणी धरली होती?"

ओरेलिस पोती मोजत राहिला. मी त्याच्या काखेत होतो. त्याचा घाम मला लागला.

तेव्हापासून ट्रक आला की मी वाजू लागलो.

हंगामात इल्मेनचं भात पिकून वाकलं. एकटीच्याने ते निघणार नव्हतं, आणि दाणा झडला तर पुढचं बियाणंही गेलं. तिने दिराला निरोप धाडला. त्याने बांधावर उभं राहून जीव ओतून मला फुंकलं. लोक आले. प्रत्येकाच्या हातात रिकामं पोतं.

"काय रे, आज ट्रक चिखलात रुतला का?" कुणीतरी हसून विचारलं.

इल्मेनच्या चुलीवर घरच्या तांदळाचा भात शिजत होता. ती पळी हातात धरून म्हणाली, "पोती आणलीत, बरं केलंत. भरायला तांदूळ शेतात उभा आहे. विळे तेवढे आणा."

चौघे विळे आणायला गेले, बाकीचे खाली मान घालून परतले. संध्याकाळपर्यंत निम्मं शेत निघालं. उरलेलं वाऱ्याने आणि पाखरांनी नेलं. भाताचं पातेलं मात्र अर्ध्याहून जास्त भरलेलं राहिलं. ओरेलिस त्यातला एक घासही खाऊ शकला नाही. जाताना त्याने मला वहिनीच्या दाराला टांगलं.

मित्रांनो, मी तर शंखच. ज्याची फुंक, त्याचा नाद. पण देश म्हणजे शंख नव्हे, आणि तुम्हीही नव्हे. कुणी दम देऊन तुमच्या तोंडून आपला शब्द वदवू लागला, तर निदान विळा पाठीमागे लपवू नका.