भागम्माची हजेरी

मानवतला आबासाहेबांच्या जिनिंगमध्ये भागम्माच्या पायावर रुईची गठाण पडली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिच्या दारात जीप उभी राहिली. सगळी गल्ली बघायला बाहेर आली. मजुरीवरच्या विधवेला न्यायला मालकाची जीप! शेजारणींनी तोंडात बोटं घातली. भागम्माची सून महादेवी त्याच जिनिंगमध्ये कापूस निवडायला होती. ती तर हरखूनच गेली. सासूला धुतलेलं लुगडं नेसवून, कपाळाला विभूती लावून तिने जीपमध्ये बसवलं.

हा मान कशासाठी, ते जिनिंगच्या फाटकात कळलं. मजूर कामावर जखमी होऊन दोन दिवसांच्या वर घरी राहिला, तर तो अपघात धरला जातो आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावा लागतो. मजूर कामावर हजर असेल तर काही झालेलंच नसतं. पाय चेचला असला तरी तो चेचलेला नसतो. सरकारने मजुराच्या भल्यासाठी कायदा केला आणि आमच्याकडच्या हुशार लोकांनी त्यातून जीप काढली. दुसऱ्या कारखान्यांत ही पद्धत आधीपासूनच होती; आबासाहेबांकडे भागम्मा पहिलीच.

तिला रोज शेडमध्ये एका लोखंडी खुर्चीवर बसवायचे. काम काही नाही. सकाळी अंगठा, संध्याकाळी परत जीप. मॅनेजर दिनकरराव माणूस वाईट नव्हते, म्हणून तर त्यांच्याशी भांडताही येत नव्हतं. चहा पाठवायचे, गोड बोलायचे, पूर्ण हजेरी मांडायचे. पाय मात्र दिवसभर खाली लोंबायचा. तो सुजून भोपळ्यासारखा झाला. पट्टी बदलताना डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला आणि स्पष्टच सांगितलं, की पाय उशीवर ठेवून झोपून राहा, नाहीतर दोन बोटं काढावी लागतील.

भागम्माने हे दिनकररावांच्या कानावर घातलं. त्यांनी तिची समजूत काढली. ती घरी राहिली की अपघात कळवावा लागणार, इन्स्पेक्टर येणार, गठाणींच्या थप्पीला कठडा का नाही म्हणून ऐन हंगामात काम बंद पाडणार, आणि मग साऱ्या बाया घरी बसणार. तिची सूनसुद्धा.

हे बायांनीही ऐकलं. तेव्हापासून त्या तिला पाणी आणून द्यायच्या, पदर सारखा करायच्या आणि तिच्यावर नजर ठेवायच्या. एकदा ती काठी टेकत फाटकाकडे निघाली, तर महादेवीनेच हाताला धरून परत आणलं. विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद होता त्या दिवशी एसटी जागच्या हलल्या नाहीत, बाजार चिडीचूप होता. भागम्मा खूश झाली, दार लावून आडवी पडली. जीप मागच्या बोळातून आली.

फिटर गुरुसिद्धप्पा काही वर्षं कुवेतला राहून आला होता. तिकडे माणूस कामावर दुखावला तर काय करतात, असं तिने त्याला एका दुपारी विचारलं. तो म्हणाला, त्याची कंपनी गोऱ्या साहेबांची होती. तिथे नुसती पट्टी बांधली तरी लिहायचे. टाके पडले तर वेगळा रकाना, आणि माणूस घरी राहिला तर सगळ्यात मोठा रकाना. ऐकून भागम्माला बरं वाटलं. जगात कुठेतरी चेचलेल्या पायाला चेचलेला म्हणतात.

"मंग हात मोडलेल्याला घरी सोडायचे का?"

गुरुसिद्धप्पा हसला. "सोडला तर मोठ्या रकान्यात जातो की, मावशी. हापिसात बसवायचे, नट-बोल्ट निवडायला. खुर्ची तिथंबी व्हती. एसी व्हता, एवढंच."

त्या दिवशी भागम्माला पहिल्यांदा रडू आलं. थेट कुवेतपर्यंत खुर्च्याच मांडलेल्या असतील, तर माणसाने जायचं तरी कुठे? मग रडता रडता तिला राग आला, आणि राग आला की तिचं डोकं चालायचं.

दुसऱ्या दिवशी तिने जीपमध्ये आपली खाट चढवायला लावली. शेडच्या मधोमध, गठाणी न्यायच्या वाटेवरच ती टाकली आणि पाय उशीवर ठेवून आडवी झाली. वाट अडली. गठाणी ढकलणारे थांबले. दिनकरराव धावत आले.

"भागम्मा, हे काय करायलीस?"

"हजर हाय की, सायब. मांडा हजेरी. न्हाईतर घरी सोडा."

बाया काम टाकून बघत राहिल्या. भागम्माला वाटलं, आता लाजेकाजेस्तव तरी सोडतील. दिनकररावांनी थोडा वेळ विचार केला. मग खाट हवेशीर कोपऱ्यात उचलून ठेवायला लावली, शेजारी पंखा लावून दिला आणि ते आबासाहेबांना सांगायला गेले. मालकांना ही सोय फार पसंत पडली.

भागम्माची बोटं वाचली. त्यातलं एक वाकडं राहिलं, पण चालता येऊ लागलं. ती पुन्हा कामाला लागली.

पुढच्या हंगामात सरकी काढायच्या यंत्रावरच्या कडूबाईचा हात रुळात मनगटापर्यंत गेला. दोन दिवसांनी भागम्मा सकाळी कामावर आली, तेव्हा जीप येऊन गेली होती. कोपऱ्यात आता जिनिंगच्या मालकीच्या दोन लोखंडी खाटा होत्या, गाद्या घातलेल्या. एकीवर कडूबाई पडली होती, अंगात ताप, डोळे अर्धे मिटलेले. भागम्माला बघून तिने चांगला हात पुढे केला आणि तिचा हात घट्ट धरला.

"तुमचे लय उपकार हायेत, मावशी," ती म्हणाली. "न्हाईतर मला बसावं लागलं असतं."